चढावरची गोष्ट

लेकीनं पाठवलेलं घड्याळ
मनगटावर बसून माझ्या छातीचे ठोके मोजतं.
एकशे बासष्ट, म्हणालं ते खरांगण्याच्या चढावर,
आणि मला वाटलं, शाब्बास.

मागे कुठेतरी देवराव उईके.
तीस वर्षं टपालाची थैली वाहिलेली त्यांची काळी सायकल
कुरकुरत येत होती,
चेनकव्हरची एक बाजू तारेनं बांधलेली.
आणि एक गोष्ट अर्धी राहिली होती.

दर रविवारी हेच.
आर्वी सोडली की ते सुरू करायचे:
"बाबू, एक पत्र होतं. सत्त्याऐंशी सालचं.
म्हातारी एकटी, तिले वाचता येत नाई..."
पेट्रोल पंप जायचा, जिनिंगची भिंत जायची,
तारेच्या कुंपणाला अडकलेला कापूस जायचा.
"...पोरगा तिकडं भिलईले.
सहा महिने चिठ्ठी नाई. अन् मंग आली.
मी म्हनलं, फोडू का माय?"

आणि नेमका तिथेच चढ.
मी दात आवळायचो, सीटवरून उठायचो,
देवरावांचा आवाज मागे मागे पडत
तुरीच्या धसकटांत विरून जायचा.

वर, मैलाच्या दगडावर, मी एकटा.
पाण्याची बाटली रिकामी, जीभ लाकडाची.
आठ मिनिटं चाळीस सेकंद.
गेल्या वेळेपेक्षा अकरा सेकंद कमी.
त्या अकरा सेकंदांचं काय करायचं
हे घड्याळात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग ते यायचे, खिशात हरभऱ्याचे घाटे,
कुणीतरी बांधावरून हाक मारून दिलेले.
कुणाची विहीर आटली, कुणाच्या घरी पाहुणे आले,
सगळं ठाऊक.
"पत्रात काय होतं?" मी विचारायचो.
"ते चढावर सांगाची गोष्ट हाये," म्हणायचे,
आणि घाटे सोलत बसायचे.

सोमवारी तहसीलच्या पायऱ्या
कठडा धरून चढायचो मी.
मंगळवारी साहेबांवर खेकसलो, मनातल्या मनात.
मग तीन रविवार सायकल भिंतीला टेकून राहिली.
चाकातली हवा
कुणी न काढता गेली.

चौथ्या रविवारी देवराव पंप घेऊन दारात.
"काऊन बाबू, रागावली का सायकल तुमच्यावर?"
हवा भरता भरता म्हणाले,
"बोलता येते तेवढंच पायडल माराचं.
तोंड बंद झालं का समजा, जास्त झालं.
बारा गावं होती माह्याकडं.
पयल्याच गावात दम सरला
तं बाराव्या गावचं पत्र कोनं द्याचं?"

घड्याळ मी फ्रिजवर ठेवलं, केळ्यांशेजारी.

त्या दिवशी पळसाला काळ्या कळ्या होत्या,
मखमलीची बटणं शिवावीत तशा.
हरभऱ्यात रोही उभा होता, मान वर करून.
आम्हाला पाहून पळाला नाही.
इतकी आमची किंमत.

"फोडू का माय, म्हनलं मी. ती म्हने, फोड.
हात जोडून बसली, बाबू, देवापुढं बसल्यावानी.
मायेच हात थरथरे."
"मग?"
"मंग काय. चारच ओळी.
इथं म्हैस घेतली. व्याली. पारडी झाली.
कपाळावर चांदवा हाये. बाकी खुशाल."
"एवढंच?"
"एवढंच. ती म्हने, पुन्यांदा वाच. वाचलं.
पुन्यांदा वाच. वाचलं.
चार खेप झाल्यावर डोये पुसले तिनं
अन् माह्याकडं पाहून म्हने कशी,
दूध किती देते ते नाई लिवलं मेल्यानं?"

मी इतका हसलो
की पाय टेकावा लागला.
टेकला, तर शेजारी मैलाचा दगड.
चढ मागे राहिला होता,
कधी, ते विचारायला मनगटावर कुणी नव्हतं.

देवराव थांबले नाहीत.
"चला," म्हणाले पुढून,
"उतारावरची येगयी हाये."